वरचं बंडल

आमच्या कागद मिलची कंपनी दरवर्षी एक जाड अहवाल काढते. दोन-तीन सालांआधीच्या अहवालात माझ्याबद्दल दीड ओळ आली. नाव नाही. मुलगी अहेरीला दवाखान्यात नर्स आहे, तिनं मोबाईलवर ते पान शोधलं आणि इंग्रजीचं मराठी करून मला सांगितलं. कंपनीच्या एका दुर्गम डेपोवर नोंदीपेक्षा जास्त साठा आढळला, त्या मालाचा उगम सिद्ध झाला नाही, योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.

मी म्हटलं, "पुढं काय लिहिलं आहे?"

"पुढं काईच नाई, बाबा. पुढं दुसऱ्याच गोष्टीचं हाय."

म्हणून पुढचं मी लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, वाक्य वाकडं गेलं तर जाऊ द्या. आकडा वाकडा जाणार नाही.

डेपो भामरागडच्याही पलीकडं होता. नदी उतरून जायचं, मग रेती, मग जंगलातली वाट. पावसाळा लागला की ती वाट बंद. दिवाळीपर्यंत तिकडचा माणूस तिकडं आणि इकडचा इकडं. डेपो म्हणजे काय, एक मोकळी जागा, भोवती काट्यांचं कुंपण, एक टिनाची खोली आणि बांबूच्या थप्प्या. त्या खोलीत मी साल दर साल आठ-आठ महिने राहिलो. गाव माझं पोंभुर्ण्याकडं, बायको तिकडं शेत पाहायची. ती म्हणायची, "तुमचं लग्न माझ्यासंग झालं का बांबूसंग?" मी म्हणायचो, "बांबू उलटून बोलत नाई."

डेपोला लागून बत्तीस घरांचं माडिया लोकांचं गाव. जंगलाचा हक्क मिळाल्यापासून तिथला बांबू ग्रामसभा विकते, कंपनी विकत घेते. गावाची टोळी तोडून आणायची, मी मोजायचो. माझ्या आकड्यावरून ग्रामसभा वाहतुकीचा परवाना लिहायची आणि त्याच आकड्यावरून कंपनी पैसे द्यायची. म्हणजे सगळं माझ्या मोजणीवर. माझी मोजणी एकदाही चुकली नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. हवं तर रजिस्टरं काढून पाहा, जाळली नसतील तर.

टोळीचा मुखिया माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाऊ. त्याला लिहिता-वाचता येत नाही. पण हिरवा बांबू वाळल्यावर किती हलका होईल ते तो हातात धरून सांगायचा.

आता वरच्या बंडलाचं सांगतो.

वीस बांबूंचं एक बंडल. अशी वीस बंडलं मी मोजून घेतली की दादा एकविसावं बंडल स्वतः उचलायचा आणि वर टाकायचा. ते मोजायचं नाही. रजिस्टरला चढवायचं नाही, परवान्यात लिहायचं नाही, त्याचे पैसे मागायचे नाहीत. आमच्याकडं धान मोजताना पायली भरली की वर एक ओंजळ टाकतात, तसंच ते. बांबू वाळतो, फुटतो, खालच्या थराला वाळवी लागते. घेणाऱ्याला शेवटी कमी पडू नये म्हणून देणाऱ्यानं आधीच वर द्यायचं. मी तिथं गेलो तेव्हा आधीच्या मुकादमानं मला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. ही वरची बंडलं आम्ही मागं, कुंपणाच्या कडेला वेगळी रचायचो. मागची थप्पी.

पावसाळ्याआधी ट्रक जेवढा माल उचलतील तेवढा जायचा, उरलेला चार-पाच महिने पाण्यात पडून राहायचा. दिवाळीनंतर वाट उघडली की मिलचा बाबू मोजायला यायचा. तोवर मी सडलेलं काढून टाकायचो आणि त्याच्या जागी मागच्या थप्पीतलं लावायचो. रजिस्टरात जेवढं तेवढंच जमिनीवर. कधी दोन-चार उरली तर गावात कुणाच्या कुडाला, कुणाच्या मांडवाला जायची. मिलचे साहेब लोक म्हणायचे, साऱ्या डेपोंवर घट येते, या मुकादमाच्या डेपोवर काऊन येत नाही? मी मिशीत हसायचो. त्यात अर्धी करामत दादाची होती हे मी कुणाला सांगत नव्हतो.

मग मिलमध्ये नियम बदलले. आधी आमचं खातं बांबू खातं होतं, त्याचं नाव सप्लाय चेन झालं. खुर्च्या नवीन आल्या, कॉम्प्युटर आले, माणसं कमी झाली. खात्याचे साहेब मात्र जुनेच राहिले, त्यांना मी त्यांच्या जवानीत बांबूची जात ओळखायला शिकवलं होतं. त्यांनी मला नियम समजावून सांगितला. कंपनीचे शेअर बाजारात विकले जातात. ज्यांचे पैसे लागले आहेत त्यांना कंपनीकडं माल किती आहे हे खरं सांगावं लागतं. म्हणून एकतीस मार्चला जिथं जिथं माल आहे तिथं तिथं ऑडिटवाल्यांसमोर मोजणी व्हायला पाहिजे. दिवाळीनंतरची मोजणी चालणार नाही. कमी निघालं तरी लिहायचं, जास्त निघालं तरी लिहायचं.

मी म्हटलं, "चांगलाच हाय नियम. खऱ्याले काय भेव?"

साहेब माझ्याकडं पाहत राहिले. "मुकादम," ते म्हणाले, "समोरच्या थप्प्या नीट रचून ठेवा. बाकी काई बोलू नका."

बाकी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

त्या साली ट्रक उशिरा लागणार होते. मार्च संपत आला तरी डेपोवरून एक बंडल हललं नव्हतं. समोर सात थप्प्या, एकेका थप्पीत तीनशे वीस बंडलं. मोहाची फुलं पडायला लागली होती. सारं गाव पहाटेपासून झाडाखाली, टोपल्या भरून मोह वेचत होतं.

एकतीस तारखेला सकाळी पाहुणे आले. साहेब आणि सोबत ऑडिटच्या मॅडम, नागपूरच्या. माझ्या मुलीएवढ्या. नदीच्या रेतीत जीप फसली होती म्हणून शेवटचं मैलभर चालत आल्या, बूट हातात. मला तेव्हाच त्या बऱ्या वाटल्या. दादा मोह वेचायचं सोडून आला होता, टोपली डोक्यावरून खाली उतरवून कुंपणाशी उभा राहिला.

मॅडमनं मोजणीला सुरुवात केली. लाल खडू घेऊन एकेका बंडलाच्या टोकाला ठिपका देत गेल्या. मी माझ्या पद्धतीनं मोजत होतो, दर वीस बंडलांना एक खडा खिशात. ऊन चढलं. त्यांनी ओढणी डोक्यावर घेतली, पण थांबल्या नाहीत. सातवी थप्पी संपली तेव्हा त्यांच्या कागदावर दोन हजार दोनशे चाळीस आणि माझ्या खिशात एकशे बारा खडे.

"दोन हजार दोनशे चाळीस," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टरला पण तेच. काका, एक सुद्धा इकडंतिकडं नाही."

"नसतेच."

त्या हसल्या. वाईट मनानं नाही. साहेबांना म्हणाल्या, "सर, मी पंधरा-वीस ठिकाणी मोजलं, असं तंतोतंत कुठं जुळलं नाही. इतकं जुळतं तेव्हाच आम्हाला भीती वाटते. कोणीतरी आदल्या दिवशी जुळवून ठेवलंय असं वाटतं."

साहेब हसले. "आमचा मुकादम आहेच तसा पक्का."

झालं होतं. मॅडमनं खडू पिशवीत टाकला होता, कागद घडी केला होता. रेतीतून काढून आणलेली जीप नदीकडं तोंड करून उभी होती. मी गप्प बसलो असतो तर आज तो डेपो तिथं असता.

पण जुळवून ठेवलंय हा शब्द माझ्या डोक्यात गेला. उभ्या जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मला वाटलं, यांना दाखवावं. चोर असतो तर माल कमी निघाला असता. माझ्याकडं तर जास्त आहे. ज्याच्याकडं जास्त निघालं तो चोर कसा असेल? हा माझा हिशोब. आजही मला त्यात चूक दिसत नाही, आणि चूक तर झाली.

"मॅडम," मी म्हटलं, "मागं अजून एक थप्पी हाय. तेबी मोजा."

साहेब खोकले. मला वाटलं धूळ गेली.

दादा कुंपणापासून पुढं आला. माझ्या बाहीला धरून हळू म्हणाला, "राहू दे, भाऊ. वरचं मोजत नसतात."

"मोजू दे. आपल्याले काय लपवाचं हाय?"

"लपवाचं नाई. मोजाचं नाई."

साहेब पुन्हा खोकले. मी बाही सोडवून घेतली आणि मॅडमला मागं घेऊन गेलो.

त्यांनी पुन्हा खडू काढला. एकशे बारा बंडलं. मी आधीच आकडा सांगितला होता, आणि तो बरोबर निघाला म्हणून मी मान वर करून उभा होतो.

"यांचा परवाना?"

"याले परवाना नसते. हे वरचं हाय."

"वरचं म्हणजे?"

मी सांगितलं. वीसवर एक. मॅडमनं कागदावर भागाकार केला, दोन हजार दोनशे चाळीस भागिले वीस. बरोबर एकशे बारा. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे चुकून नाही झालं," त्या म्हणाल्या. "ठरवून आहे. दर वर्षी?"

"दर वर्षी. माझ्या आधीपासून."

"पैसे कोणाला देता याचे?"

"कोनाले नाई."

"काका, फुकट कोण देतं?"

"हे देतात ना," मी दादाकडं हात केला. "त्याईलेच इचारा."

मॅडम दादाकडं वळल्या. दादा टोपलीजवळ बसला होता, मोहातला पाचोळा निवडत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "जंगल आमाले मोजून देते का?" एवढंच म्हणाला.

मॅडमनं ते लिहिलं की नाही कोण जाणे. त्या दगडावर बसल्या आणि मला समोर बसवलं. "ऐका, काका. कमी निघालं असतं तर सोपं होतं. सडलं, तुटलं, नुकसान म्हणून लिहिता येतं. जास्त निघालं की आम्हाला विचारावं लागतं, हे आलं कुठून? जंगलाचा माल, परवाना नाही, खरेदी नाही. उद्या कोणी म्हणेल ही कंपनी जंगलातला चोरीचा बांबू घेते. मी हे पाहिलंच नाही असं लिहू शकत नाही."

"मंग जाळून टाकतो. आत्ताच्या आत्ता."

"आता मोजलंय मी," त्या म्हणाल्या.

मी काडीपेटी काढली होती. साहेबांनी ती माझ्या हातातून घेतली.

एप्रिलमध्ये मला मिलमध्ये बोलावणं आलं. सप्लाय चेनच्या काचेच्या खोलीत साहेब एकटेच होते. त्यांनी दार लावलं, चहा मागवला.

"मी खोकलो होतो, मुकादम. दोनदा."

"मले वाटलं धूळ."

"धूळ! अहो, तुमच्या त्या जंगलात मी एवढी वर्षं येऊन राह्यलो, कधी खोकलो का?" मग त्यांनी टेबलावर दोन कागद ठेवले. "नीट ऐका. हे दोन जबाब आहेत. यातल्या एकावर तुमची सही पाहिजे. या पहिल्यात असं लिहिलं आहे की गाववाले दर वीस बंडलांमागं एक बंडल परवान्याबाहेर देतात, अशी तिथली रीत आहे. दुसऱ्यात लिहिलं आहे की यंदा माल घेताना तुम्ही मोजणीत चुकलात, एकशे बारा बंडलं कमी मोजली."

"मी चुकलो नाई."

"मला माहीत आहे. सही केली तर काय होईल ते सांगतो. तुम्ही कमी मोजलं म्हणून ग्रामसभेनं परवाना कमी लिहिला, असा अर्थ होईल. आपण ग्रामसभेकडून जास्तीचा परवाना घेऊ. त्या बंडलांचे पैसे गावाला देऊ. ऑडिटवाले त्यांच्या कागदावर मोजणीतली मानवी चूक असं लिहितील आणि विषय मिटेल. डेपो राहील. तुमच्या नावावर एक शेरा येईल. कंत्राटी माणूस तुम्ही, फार तर पुढच्या वर्षी दुसरा मुकादम ठेवू."

"आन पहिल्यावर सही केली त?"

"मग ते गाव नियमाबाहेर माल देतं असं झालं. कॉम्प्युटरवर त्या ग्रामसभेसमोर लाल खूण पडेल. आमच्या खात्याला तिथून एक बांबू घेता येणार नाही. मला वाटलं तरी घेता येणार नाही. मशीनच बिल घेत नाही."

मी दोन्ही कागद पाहिले. इंग्रजी होते, खाली मराठी केलेलं होतं. मराठीतलं मी अक्षर लावून वाचलं. माझ्याकडून मोजणीत चूक झाली. तीनदा वाचलं.

इथं मला माझ्या बापाचं सांगावं लागतं. बाप अडाणी होता. त्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या एक साल आधी मालगुजाराच्या खळ्यावरून धानाचं पोतं गेलं होतं. पोतं कुणी नेलं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण बापाला बोलावून कागदावर अंगठा घेतला. मी चोरलं म्हणून. तो मरेपर्यंत कधी कधी उजवा अंगठा पाण्यात घासायचा. मला शाळेत घालताना त्यानं एवढंच सांगितलं होतं की सही शिक, आणि न केलेल्या गोष्टीवर करू नको. मी सही शिकलो आणि चौथीनंतर शाळा सोडली.

हे मी साहेबांना सांगितलं नाही. मी म्हटलं, "माझी मोजणी चुकली असं मी लिहून देनार नाई."

"मुकादम, बत्तीस घरं आहेत."

"खरं लिहिल्यानं गाव बुडत असन त नियम खोटा हाय. मी खोटा नाई."

"नियम कागदावर आहे, तो बुडत नाही," साहेब म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत विचार करा. आज घरी जा, जेवा, झोपा."

मी बसल्या जागी पहिल्या कागदावर सही केली. ठसठशीत केली, खाली रेघही ओढली. साहेबांनी कागद उचलला, त्याच्याकडं पाहत म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं." चहा तसाच राहिला.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. ऐकून म्हणाली, "तुमची इज्जत राह्यली ना? झालं त मंग." आणि चिरत राहिली. नंतर पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मे महिन्यात ट्रक आले. समोरच्या सात थप्प्या उचलल्या. मागची एकशे बारा बंडलं उचलायला ट्रकवाला तयार नव्हता, त्यांचा परवाना नाही, कागदावर तो माल कुणाचाच नाही. गावालाही हात लावायची मनाई होती, भोवती पिवळी पट्टी बांधलेली. मी खोलीला कुलूप लावून किल्ली ड्रायव्हरकडं दिली. दादाला सांगायला गावात गेलो तर तो उंबऱ्यातच बसला होता.

"कंपनी आता घेनार नाई," मी म्हटलं.

"कितीक दिवस?"

"घेनारच नाई."

तो उठून आत गेला. मग घरातून पाणी आणून दिलं. "एवढ्या उन्हात आला. बस," म्हणाला.

दुसऱ्या सालच्या दिवाळीनंतर मी एकदा उगाच गेलो होतो. पट्टी तुटून कुंपणात अडकली होती. बंडलं खाली बसली होती, वाळवीनं आतून पोकळ झालेली. वरच्या थरात दोन-तीन टोकांवर मॅडमचा लाल ठिपका अजून दिसत होता, पाणी न लागलेल्या बाजूनं. गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी होती. बाकीचे मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आधीही कुणी कुणी जायचं, पण बांबूच्या दिवसांत कुणी जात नव्हतं. आता सगळे. एका घरातलं माणूस तिकडंच वारलं, त्याला इकडं आणायलाही वाट मिळाली नाही असं ऐकलं. मी कुणाला फार विचारलं नाही.

मिलचं काही अडलं नाही. सप्लाय चेन खातं आता लागवडीचं लाकूड घेतं, दुसऱ्या राज्यातून येतं म्हणतात, काट्यावर तोलून, चिठ्ठीसकट. मोजणी जुळत असेल. साहेब रिटायर झाले. मी मुकादम राहिलो नाही हे लिहायची गरज नाही.

यंदा उन्हाळ्यात मी अहेरीला मुलीकडं होतो. आठवडी बाजारात मिरची घ्यायला गेलो. एका ओळीत माडिया माणसं पोती मांडून बसली होती. तेलंगणात मजुरीच्या बदल्यात मिरचीच देतात, ती इथं आणून विकतात. शेवटच्या पोत्यामागं दादा.

हाताची बोटं लाल, फुगलेली. डोळेही लाल. मला पाहून हसला. "भाऊ! म्हातारा झाला रे तू."

"तू कोनता जवान राह्यला?"

"मी मिरची तोडून राह्यलो. ज्याच्या डोळ्याची मिरचीनं अजून आग होते त्याले जवानच म्हनतात तिकडं."

मी दोन किलो मागितली. त्याच्याकडं आता तराजू होता, लोखंडी काटा असलेला. त्यानं मिरची टाकली, काटा पाहिला, तीन-चार मिरच्या काढल्या, पुन्हा पाहिला. काटा सरळ झाला तसं पारडं माझ्या पिशवीत उलटं केलं. माझी पिशवी तशीच उघडी धरलेली. त्यानं ती पाहिली आणि नजर दुसरीकडं वळवली.

"बरोब्बर दोन हाय, भाऊ."

"हो. बरोब्बर हाय."

पैसे दिले. जायला पाहिजे होतं, पण मी उभाच राहिलो. त्यानं पोत्याचं तोंड दुमडलं, पुन्हा उलगडलं.

"एक इचारू का?"

"इचार."

"त्या साहेबानं तुले काई दुसरी वाट सांगतली नोती का? एवढी मोठी कंपनी. एकशे बारा बंडलासाठी एवढं? माया पोराले मी म्हनतो, काई त वाट असन, पन भाऊले सांगतली नसन. सांगतली असती त भाऊनं केलं असतं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "नोती ना सांगतली?"

बाजारात गर्दी होती. शेजारी एक बाई कोंबडीच्या किमतीवरून भांडत होती. मी पिशवीची गाठ मारायला लागलो, ती काही जमेना.

"नाई," मी म्हटलं. "काईच सांगतली नाई."

"मंग त्याईचाबी इलाज नोता," दादा म्हणाला. त्याला बरं वाटलं, ते दिसलं मला. खांदे सैल पडले. "मी पोराले तेच म्हनतो."

मग त्यानं पोत्यात हात घातला, मूठभर मिरची काढली, माझी न जमलेली गाठ सोडली आणि मूठ पिशवीत वर टाकली.

मी राहू दे म्हणालो नाही. पिशवीही मागं घेतली नाही.

घरी मुलीनं मिरची सुपात ओतली, देठ तोडले, अंगणात वाळत घातली. मी बाजूला बसून होतो. वरची मूठ कोणती हे ओळखता येत नव्हतं, सगळी एकात एक मिसळली होती. तिखट चांगलं झालं. उन्हाळाभर आम्ही खाल्लं.